जावई येण्याआधीचा नळ

बोलायला सुरुवात करण्याआधी नाना उजवी मूठ तोंडाजवळ धरत आणि तिच्यात दोनदा फुंकर मारत. फू, फू. मग मूठ तशीच ठेवून बोलत. मला चहाला हाक मारायची असो, गल्लीतली गाय दारातून हाकलायची असो, नाहीतर सकाळी देवासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं असो, आधी फू, फू. देवालाही वाटत असेल, चला, आपला नंबर लागला.

तुम्ही ऊसपट्ट्यातले असाल तर असा एखादा माणूस तुम्ही पाहिलेला नसेल, पण ऐकलेला नक्की असेल. श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्याच्या यार्डात नाना आयुष्यभर माइकवर बसले. ऊस भरून आलेल्या गाड्या रांगेत उभ्या राहतात; ज्याचा नंबर पुकारला जाईल त्यानं वजनकाट्यावर जायचं. तो नंबर पुकारण्याचं काम नानांचं. कर्णा त्यांच्याच केबिनच्या डोक्यावर बांधलेला. हंगामामागून हंगाम तो आवाज कानावर आदळून त्यांचे दोन्ही कान गेले; समोरच्याचे ओठ बघून किंवा कानाशी मोठ्यानं बोललेलं तेवढं कळायचं. "माझ्याच आवाजानं मला बहिरं केलं," ते म्हणत. "दोष द्यायला दुसरं कोन घावतच न्हाई."

नोकरी संपली, पण मूठ तोंडापासून हटली नाही. आणि एक वाक्यही राहिलं, "गाडी पुढं घ्या." कुणी रडगाणं गायला लागलं की गाडी पुढं घ्या. माझं तर बोलणंच रडगाण्यासारखं, त्यामुळे ते वाक्य सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला यायचं.

मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सोडली. मी सोडली असं मी सांगतो. मास्तरांना विचाराल तर शाळेनं सुटकेचा श्वास सोडला असं ते सांगतील. ठेकेदाराबरोबर कारखान्यावर कामाला आलो, ठेकेदाराचं काम संपलं, तो गेला, मी राहिलो. हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात पंक्चर काढायला लागलो आणि राहायला खोली शोधत नानांच्या दारात येऊन उभा राहिलो. नाव, गाव, दुकान, मालक, दारू पीत नाही, रात्री उशिरा येत नाही, हे सगळं मी एका दमात सांगितलं. वाटेतच पाठ करून आलो होतो. नानांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. ते माझ्या काळ्या पडलेल्या हातांकडे बघत होते.

फू, फू. "जेवलास का?"

"हो जी."

"तोंडावरनं तर वाटत न्हाई."

त्यांनी ताटात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी भाकरीकडे पाहत बसलो, कुठून मोडावी ते कळेना. आमच्याकडे ताटात भात नसेल तर जेवण झालं असं पोटाला पटतच नाही. नाना म्हणाले, "भाताचा मानूस दिसतोय. हरकत न्हाई, शिकशील." अशी मला खोली मिळाली. घराच्या मागच्या अंगाची, पत्र्याची. पुढच्या घरात नाना एकटे. त्यांची बायको, काकू, जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. लेक लग्न होऊन पुण्याला.

माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी घाबरट आहे. कुलूप लावलं की ओढून बघतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो, परत येऊन पुन्हा ओढतो. त्यात धंदा टायरचा. मालकानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चाकाचा नट ढिला राहिला तर रस्त्यावर मानूस मरंल, आन् तुझ्यामुळं मरंल." तेव्हापासून माझ्या हाताला एकच गोष्ट ठाऊक, आवळणं. उसाच्या ट्रेलरचं चाक असो की लोणच्याची बरणी, मी सारखंच बळ लावतो. एकदा नानांनी ती बरणी मांडीत धरून, फडकं लावून, उंबऱ्यावर आपटून पाहिली. शेवटी माझ्यापुढे आदळली. "आत काय वाघ ठिवलाय का रं? सुटंल म्हनून भ्यालास?"

पहिल्याच पावसाळ्यात मला ताप भरला. मी खोलीत गुपचूप पडून राहिलो. आजारी भाडेकरू कुणाला आवडतो? पण नाना डोकावले, कपाळाला हात लावला आणि थेट गल्लीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. फू, फू. "गल्लीतल्या समद्यांना कळवन्यात येतंय, आमच्या पोराला ताप आलाय, त्यो भाकरी खात न्हाई, कुनाच्या घरी मऊ भात असंल तर घिऊन या!" मी गोधडीत तोंड लपवलं. थोड्या वेळात माझ्या उशाशी भाताच्या वाट्यांची रांग लागली. लाजेनं घाम फुटला आणि त्या घामानं ताप उतरला असं मी अजून मानतो. पण ‘आमच्या पोराला’ हे शब्द मी ऐकले होते, आणि नाना ते माइकवर बोलावं तसे बोलले होते.

आता नळाकडे येतो.

नानांच्या स्वयंपाकघरातला सिंकचा नळ काकूंच्या वेळचा. त्याला चिंधी बांधलेली. खाली भिंतीतून येणारा पाइपही पाझरायचा, त्याच्याखाली बादली. बादली भरायची, नानांना टपटप ऐकू यायची नाही, मग पाणी फरशीभर. मागच्या खेपेला त्या पाण्यावरून ताईंचा, म्हणजे नानांच्या लेकीचा, पाय घसरला होता.

नाना फोन नेहमी स्पीकरवर, कानाला चिकटवून ठेवत, त्यामुळे त्यांच्या घरात काय ठरलं ते गल्लीला त्यांच्याआधी कळे. त्या दिवशी मी दारात चपला काढत होतो. ताई बोलत होत्या, "नाना, अधिक महिना आहे, आम्ही धोंड्याला येतोय. पण आधीच सांगते, ह्या वेळी जर घर तसंच दिसलं, तर कुलूप लावून तुम्हाला बरोबर घेऊन जाणार. मग मी काही ऐकणार नाही."

तुम्हाला माहीत असेलच, अधिक महिन्यात लेक-जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारसे, बत्तासे असं जाळीदार वाण द्यायचं. काकू होत्या तेव्हा ते सगळं त्या बघत. आता नाना एकटे. फोन ठेवून ते भिंतीला टेकून बसले.

"पुन्याला जाऊन मी काय करू रं?" ते म्हणाले. मूठ विसरले होते. "तिथं कुनाला हाक मारू?"

मी माझा विचार करत होतो, खोटं कशाला सांगू. घराला कुलूप म्हणजे मागच्या खोलीलाही कुलूप. मी मनातल्या मनात सामान बांधायलाही घेतलं. एक पेटी, एक गोधडी, एक स्टोव्ह. बांधून झाल्यावर लक्षात आलं की जायचं कुठे ते ठरलेलं नाही.

नानांनी नवा नळ आणला. हंसासारखी उंच मान, चकचकीत, त्या जुन्या ओट्यावर लग्नातल्या पाहुण्यासारखा दिसणारा. गावातला प्लंबर मात्र कुठल्याशा बंगल्याच्या कामात अडकला होता आणि रोज "उद्या येतो" म्हणत होता. ताई येण्याच्या आदल्या दिवशी सकाळी नाना माझ्या दारात आले. फू, फू. "तू टायरवाला हायेस."

"हो जी."

"पान्हा धरतोस."

"धरतो जी, पण नळाचं मी कधी..."

"गाडी पुढं घ्या."

नाही म्हणता येणं ही शिक्षणातली फार पुढची पायरी असावी. नववीपर्यंत काही ती आली नव्हती.

टाकीचा कॉक गच्चीवर आणि मी सिंकच्या खाली उताणा. खालून ओरडून उपयोग नाही, नानांना ऐकू येणार नाही. तेव्हा नानांनीच युक्ती काढली. टाकीतून खाली येणाऱ्या पाइपावर मी पान्हा एकदा ठोकायचा म्हणजे बंद, दोनदा ठोकायचा म्हणजे चालू. वर ते पाइपाला तळवा लावून बसणार. "कानाला कळत न्हाई ते हाताला कळतं," म्हणाले आणि लुंगी खोचून वर गेले.

मी जुना नळ सोडवला. नवा बसवला, तेही जमलं. मग राहिला तो नळाला पाणी देणारा लवचिक कनेक्शन पाइप, जो भिंतीतून येणाऱ्या पाइपाच्या तोंडाला जोडायचा. तो तोंडाशी धरून मी नट शोधत होतो, तेवढ्यात पोटावरचा पान्हा घसरला, पाइपावर आपटला, उसळला आणि पुन्हा आपटला. दोन ठोके. वर नाना हुकुमाचे पक्के. भिंतीतून पाणी आलं ते सरळ माझ्या नाकात. मी "बंद, बंद" असं बोंबललो, जे सगळ्या गल्लीनं ऐकलं, एका माणसाशिवाय. बुडत्याला काडीचा म्हणतात तसा शेवटी पान्हाच सापडला आणि एक ठोका दिला.

नाना खाली आले, मला आपादमस्तक पाहिलं. "आंघोळ सकाळी केली न्हवती का?"

मग मी जोडणी केली. पांढरी टेप गुंडाळली, भरपूर गुंडाळली, तापात कपाळाला पट्टी गुंडाळावी तशी. नट फिरवला. दोन ठोके. सांध्यावर एक थेंब जमला, लोंबला, पडला. मी नट आवळला. थेंब लवकर पडायला लागले. मला वाटलं, बळ कमी पडतंय. दुकानात धावत जाऊन चाकाचा मोठा पान्हा आणला आणि ट्रेलरचं चाक समजून आवळलं. आता थेंब पडेनात. धार लागली.

नाना बादली धरून शेजारी बसले होते. "अधिकाचं वान भोकाभोकाचं असावं लागतं म्हनत्यात," ते म्हणाले. "जावयाला ह्योच पाइप द्यावा काय?"

मला हसू आलं नाही. उद्या ताई येणार, आत पाऊल टाकणार, फरशीवर पाणी, आणि ते पाणी माझ्या हातचं. नानांचं घर चिंधीवर टिकून होतं. मी पान्हा लावून ते मोडत होतो.

वरचं पाणी बंद करून मी नट पुन्हा उघडला, तेव्हा आतून एक काळा तुकडा माझ्या छातीवर पडला. वॉशर. चेपून, फाटून, अर्धा बाहेर आलेला. मी तो बोटांत धरून बघत राहिलो. पाणी अडवायचं ते ह्या एवढ्याशा रबरानं, नट फक्त त्याला जागेवर धरायला; टेपची तर तिथे गरजच नव्हती. आणि मी रबराचंच खाणारा माणूस, रबराचाच गळा दाबत बसलो होतो. दिवसभर ज्याच्याशी संसार, तेच ओळखलं नाही.

त्या दिवशी बाजारपेठ बंद. नवा वॉशर मिळण्याची आशा नाही. पण दुकानात फुटक्या ट्यूबांचा ढीग असतो. एका जुन्या ट्यूबचा धड तुकडा कापून आणला, नटाच्या आत बसेल एवढा गोल कातरला, मधोमध भोक पाडलं. पहिला वाकडा झाला, दुसऱ्याचं भोक मोठं झालं, पुढचा नानांनी फुंकर मारून पाहिला आणि पास केला.

आता नट हातानं फिरवत नेला. अडला. पान्हा लावला, थोडासा फिरवला. आणि तुम्हाला सांगतो, त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तिथे होतं, थांबणं. हात म्हणत होता, अजून एकदा. मन म्हणत होतं, ढिला राहिला तर मरेल कुणीतरी. मी पान्ह्याला पुन्हा जोर द्यायला लागलो आणि नानांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात म्हातारा, पण चांगला जड.

"बास," ते हळूच म्हणाले.

"ढिलं राहील जी."

"न्हाई ऱ्हात. सोड."

मी सोडलं. पाणी सुरू केलं. नानांनी डब्यातून बाजरीचं पीठ आणून सांध्याखाली फरशीवर पातळ भुरभुरलं. थेंब पडला तर पिठात खड्डा दिसेल. आम्ही दोघं त्या पिठासमोर पूजेला बसावं तसे बसलो. चहा झाला, दुसरा झाला. पीठ जसंच्या तसं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि जावई आले. ताईंनी आत येताच पर्स खाली ठेवली, तशाच सिंकपाशी उकिडव्या बसल्या, पाइपाखाली हात फिरवला, बोटं एकमेकांना घासून पाहिली. कोरडी. "कुणी केलं हो नाना?"

फू, फू. "आमच्या इंजिनेरानं!"

मी दारात उभा होतो. चेहरा कुठे ठेवावा ते कळेना. ताई माझ्याकडे बघून हसल्या आणि मला वाटलं, झालं. नाना राहिले. मीही राहिलो.

गल्लीतल्या एका मावशींकडून धोंडे करून आणले होते. नानांनी जावयाला पाटावर बसवलं, मलाही ओढून बसवलं, स्वतः वाढलं. मग वाटी विसळायला आत गेले आणि परत येऊन आमच्यात बसले. जावयांना यार्डातली गोष्ट सांगायला लागले. एका बैलजोडीची, जिला स्वतःचा नंबर कळायचा. नानांनी पुकारला की गाडीवान झोपलेला असला तरी बैल काट्यावर चालायला लागायचे.

आत नळ चालू होता.

नवा नळ, भरलेली टाकी, पाणी भांड्यांवर धो धो पडत होतं. मला ऐकू येत होतं. ताईंना, जावयांना ऐकू येत होतं. मी उठायला लागलो, तर ताईंनी ताटावरून हात पुढे करून मला खाली बसवलं. त्यांना बघायचं होतं. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

गोष्ट संपत आली. बैल काट्यावर पोचले. नाना हसले, आम्ही कुणी हसलो नाही. जावयांची नजर चुकून आतल्या दाराकडे गेली. नानांनी ती पाहिली. उठले, आत गेले. पाण्याचा आवाज थांबला. ते मात्र लगेच बाहेर आले नाहीत. आमच्याकडे पाठ करून, नळाच्या त्या उंच मानेवर हात ठेवून उभे राहिले.

बाहेर आले तेव्हा मूठ वर गेली नाही.

"किती येळ चालू हुतं?"

मी एका थेंबासाठी रबराचे तुकडे कातरत बसलो होतो आणि इथे टाकी रिकामी होत होती. त्याला माझ्याकडे वॉशर नव्हता.

ताई उठून त्यांच्या जवळ गेल्या, कानाशी तोंड नेलं. "नाना, आज पाणी आहे. उद्या गॅस असेल."

नानांनी खूप वेळ मान हलवली, एखाद्याचा हिशोब पटतो तशी. मग विचारलं, "कापडं कोनती घिऊ?"

"आठ दिवस कानाच्या डॉक्टरकडं जातो, मशीन बसवून येतो," असं गल्लीला सांगून ते गाडीत बसले. ताईंनी मला बाजूला घेतलं. मी मनात पेटी उचललीच होती. त्या म्हणाल्या, "तुम्ही इथंच राहा. घराकडं बघा. नानांनी आधीच बजावलंय, ह्याला हलवायचं नाही म्हणून." मी "हो जी" म्हणालो. नानांनी काच खाली करून एवढंच सांगितलं, "सकाळी पुढलं दार उघडत जा. बंद दार बघून मानसं परत जात्यात."

मशीन बसलं. आठ दिवसांचे महिने झाले. गुडघ्याचं निघालं, मग थंडी, मग ताईंचा जीव होईना सोडायला. फोन येतो. ऐकू येतं म्हणतात, पण ऐकण्यासारखं तिथं काही नसतं म्हणतात.

मी रोज दुकानाला जाण्याआधी पुढचं दार उघडतो आणि तासभर उंबऱ्याशी बसतो. परवा एक म्हातारे काठी टेकत आले. पागोटं, पायात जाड वहाणा. पूर्वी कारखान्यावर बैलगाडीनं ऊस आणत, बसमधून उतरून नानांना भेटायला मुद्दाम आले होते.

"नाना हायेत का?"

पुण्याला असतात, आता येणं कठीण आहे, एवढंच सांगायचं होतं. माझ्या तोंडातून निघालं, "आंघोळीला गेलेत जी."

"मंग बसतो की," ते म्हणाले. "मला काय घाई न्हाई." आणि पायरीवर बसले, काठी आडवी ठेवली.

मी आत गेलो, नळ सोडला, तांब्या भरून आणून दिला. वरून धार धरून ते पाणी प्याले, मिशा पुसल्या, आणि आतल्या दाराकडे तोंड करून नीट बसले. दुकान उघडायची वेळ टळून गेली होती. मालक ओरडणार होता. मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.

"लई येळ लावत्यात का आंघोळीला?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"लावतात जी," मी म्हणालो.